दारं मोडण्याआधी

फड पद्धतीच्या शेतीत जमीन ज्याची त्याची असते, पाणी मात्र कुणी आपल्या हाताने घ्यायचं नसतं. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने ही रीत शेकडो वर्षं चालत आली आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्याला चाऱ्या आणि चारीवर पाटकरी. कुणाच्या वावरात पाणी कधी जायचं, किती वेळ जायचं आणि उरलेलं कुठे उतरायचं, हे पाटकऱ्याने बघायचं. पीक राखायला जागल्या निराळा, सगळ्यांवर हवालदार निराळा.

साक्री तालुक्यातल्या अशाच एका गावात तात्या पाटकरी होते. त्यांच्या एका खोडीची गावभर चेष्टा चाले. पावसाळ्यानंतरचं पहिलं पाणी सोडण्याआधी ते सगळी चारी शेवटापर्यंत पायी चालून यायचे. खेकड्याचं भोक, उंदराचं बीळ, कुणी गुपचूप काढलेली फूट, सगळं नजरेखालून घालायचे आणि मगच दारं मोडायचे, म्हणजे मातीचा बांध फावड्याने ओढून पाण्याला वाट करून द्यायचे. त्यांचा मुलगा सुरेश याला हे रिकामटेकडेपण वाटे. एकदा त्याने रात्री, तात्यांना न विचारता, स्वतःच दारं मोडलं. सकाळी त्याचं वावर कोरडं ठणठणीत आणि खालच्या अंगाला शेजाऱ्याचा कांदा पाण्याखाली. पंचांनी दंड लावला. तो तात्यांनी भरला आणि त्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

सुरेशची थोरली मुलगी वैशाली. जन्मली तेव्हाच तिच्या डाव्या गालावर निळसर झाक होती. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून निकाल देऊन टाकला: हिच्या आईने ग्रहणात विळी हातात घेतली असणार. ग्रहण तासा-दोन तासांत सुटतं, पण त्या माउलीला लागलेलं सुटायला पुढे एकोणीस वर्षं लागली.

निळी झाक पोरीबरोबर वाढत गेली. बोटाने दाबली की गाल रिकामा व्हायचा, बोट काढलं की सावकाश पुन्हा भरायचा. रडली, खोकली, चपलेचा पट्टा लावायला वाकली, की गाल टम्म. म्हणून ती लहानपणी रडायचीच नाही. तेरा-चौदाव्या वर्षी तर तो झपाट्याने वाढला. वरचा ओठ एका बाजूने लोंबू लागला, जिभेच्या डाव्या कडेला जांभळे फुगे आले. सकाळी उठताना चेहरा जड आणि ठणकता असायचा. गालात मुगाएवढे टणक खडे हाताला लागू लागले.

उपाय झाले नाहीत असं नाही. उलट फार झाले. मोठ्या मायने, म्हणजे आजीने, कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा घातला. निळं तसंच राहिलं, वर भाजल्याचा डाग पडला. आठव्या वर्षी एका दवाखान्यातून वर्षभर औषधाच्या गोळ्या चालल्या. त्या दुसऱ्याच दुखण्याच्या होत्या हे फार पुढे कळलं. सतराव्या वर्षी एका सर्जनने ‘काढून टाकू’ म्हणून सुरी लावली. रक्त असं उसळलं की टेबलावरच आत कापूस कोंबून, टाके घालून परत पाठवलं. प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. आत काय आहे आणि ते कुठे जातं, हे आधी बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

तसं ते पहिल्यांदा आलं एका दंतवैद्याच्या. वैशालीची डावी दाढ किडली होती. धुळ्यातल्या त्या तरुण डॉक्टरने तोंड उघडून पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. “ही दाढ मी इथे काढणार नाही. रक्त सुटलं तर थांबवणं माझ्या हातात राहणार नाही.” आणि त्याने मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. सुरेशने बाहेर येऊन त्याला भित्रा ठरवलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला पहिला शहाणा माणूस तो.

सुरेशला घाईचं कारण होतं. पोरगी एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तुळशीचं लग्न झालं की स्थळं सुरू होणार. त्याच्या आत गाल सपाट झाला पाहिजे.

मुंबईला तात्या, सुरेश, वैशाली आणि तिची आई असे चौघे गेले. ज्या डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी होती त्या सर्जन नव्हत्या. क्ष-किरण आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुईने उपचार करणाऱ्या होत्या. त्यांनी गाल दाबून पाहिला, वैशालीला खाली वाकायला लावलं, वर कान लावून काही सळसळ ऐकू येते का ते पाहिलं. नव्हती. म्हणजे धमनीचं जोराचं रक्त इथे येत नव्हतं. मग सोनोग्राफी, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या. त्यातली एक ‘डी-डायमर’ नावाची. अशा साचलेल्या रक्तात आतल्या आत गुठळ्या होत राहतात, त्याचा माग ती देते. मुगासारखे खडे म्हणजे जुन्या गुठळ्याच, वर्षानुवर्षांत चुना धरलेल्या.

“ही गाठ नाही,” मॅडम म्हणाल्या. “व्हीनस मालफॉर्मेशन आहे. शिरेच्या भिंतीला स्नायूंचा पदर असतो, तो हिच्या इथल्या शिरांना नीट आलेलाच नाही. म्हणून त्या ताणल्या जातात आणि रक्त साचतं. हे जन्मतःच असतं, अंगाबरोबर वाढतं, वयात येताना आणि गरोदरपणी जास्त वाढतं. आपलं आपण जात नाही.”

वैशालीची आई तोवर भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाशी धरून विचारलं, “मॅडम, ग्रहणात मी... विळी...”

मॅडमनी हातातला कागद ठेवला. “ताई, गर्भाची वाढ होत असताना काही थोड्या पेशींतल्या जनुकात बदल होतो. निम्म्याअधिक जणांत तो कुठल्या जनुकात होतो तेही आता माहीत आहे. बहुतेक वेळा तो आईकडून येत नाही, बापाकडूनही येत नाही. तुम्ही काही केल्याने झालं नाही, काही न केल्याने टळलंही नसतं.”

बाई काही बोलली नाही. दुपारी चौघे जेवायला बसले तेव्हा तिने स्वतःहून दुसरी भाकरी घेतली, एवढंच तात्यांनी पाहिलं.

आठव्या वर्षीच्या त्या गोळ्यांचा उलगडाही तेव्हाच झाला. रक्तवाहिन्यांच्या जन्मखुणा वरून सारख्या दिसतात म्हणून कितीतरी काळ सगळ्यांना एकच नाव लावलं जाई. 1982 साली बॉस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून त्यांची दोन घराणी वेगळी केली. एक, जिच्यात पेशी खरोखर भराभर वाढतात आणि काही वर्षांत आपोआप ओसरतात, ती बाळांमधली हिमॅन्जिओमा. दुसरी, जिच्यात वाहिन्यांची घडणच बिघडलेली असते. पहिलीवर प्रोप्रानोलॉल हे हृदयाचं जुनं औषध चालतं, हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. एका बाळाला ते हृदयासाठी दिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची लाल खूण फिकी पडू लागली. वैशालीला तेच दिलं होतं. तिच्या जातीच्या दुखण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

उपचाराचा दिवस ठरला. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत गालात सुई घालायची. काळसर रक्त मागे आलं की सुई पोकळीत पोचली. मग औषध टोचायचं, ते शिरेचं आतलं अस्तर जाळतं, भिंती सुजून एकमेकींना चिकटतात आणि पोकळी हळूहळू आक्रसते. सुरेशने हे सगळं नीट ऐकलं होतं. दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आज औषध दिलेलं नाही.”

सुरेश उसळला. एवढं लांब आलो, दोन दिवस पोरीला तपासण्यांसाठी फिरवलं, भूल दिली, सुई टोचली आणि औषधच नाही? पैसे कमी पडतात का? मोठ्या साहेबांना भेटायचं का? मॅडम ऐकून घेत होत्या. अशा वेळी डॉक्टरही चिडतात, मी पाहिले आहेत. या चिडल्या नाहीत.

तात्या म्हणाले, “बाई, मला दाखवता का काय दिसलं ते?”

त्यांना आत नेऊन पडद्यासमोर बसवलं. औषधाआधी क्ष-किरणांत दिसणारं एक द्रव्य पोकळीत सोडून बघतात, त्याचं चित्रण होतं. काळा ठिपका गालात पसरला, एका पोकळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मग नाकाच्या बाजूने एक बारीक रेघ वर निघाली आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी नाहीशी झाली.

तात्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही फूट कुठे उतरते?”

“डोळ्यामागच्या शिरेत. तिथून मेंदूच्या बुडाशी.”

“आणि तुमचं औषध?”

“त्याच वाटेने गेलं असतं. दृष्टी जाऊ शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं. मी कोपऱ्यावर बोट दाबून धरून पुन्हा पाहिलं, तरी थोडं निसटत होतं.”

तात्या बराच वेळ ते चित्रण पुन्हा पुन्हा लावायला सांगत राहिले. बाहेर आल्यावर सुरेशला एवढंच म्हणाले, “बाई चारी चालून आली. तिने दारं मोडलं नाही.”

सुरेशला कांदा आठवला असेल की नाही, मला ठाऊक नाही. तो गप्प बसला हे खरं. पण माणूस एका दिवसात बदलत नाही. परतीच्या गाडीत त्याला कुणीतरी एक पत्ता दिला: तिकडे शुद्ध अल्कोहोल टोचतात, एका फेरीत काम फत्ते. सुरेशने गावाहून मॅडमना फोन केला, आणि खरं सांगायचं तर तो फोन सल्ला विचारायला नव्हता, तुमच्याहून चांगलं सापडलं हे ऐकवायला होता. मॅडम म्हणाल्या, “अल्कोहोल वाईट नाही. काही ठिकाणी मीही वापरते, त्याच्याइतकं जोरकस दुसरं काही नाही. पण ते शिरेपाशी थांबत नाही. हिच्या गालातून चेहऱ्याची नस जाते. ती भाजली तर ओठ वाकडा होईल, डोळा मिटणार नाही. कातडी मरू शकते. एकदम जास्त रक्तात गेलं तर हृदय-फुप्फुसांवर येतं. गाल सपाट होईल, चेहरा हलणार नाही. चालेल?” सुरेशने फोन ठेवला आणि तो पत्ता लिहिलेला कागद खिशातून काढून टाकला नाही, पण वापरलाही नाही.

दुसऱ्या खेपेला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. कुठला धोका किती, हे सह्या घेण्याआधी चौघांना बसवून सांगितलं. मग त्या बारीक फाट्याचं तोंड प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेची वेटोळी सोडून बुजवलं. पुन्हा द्रव्य सोडून पाहिलं. वर रेघ निघाली नाही. तेव्हा कुठे औषध.

औषध सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, जात साबणाची. ते पातळ न सोडता त्याचा फेस करतात. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची कळ. एकीत औषध, दुसरीत त्याच्या चौपट हवा, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे भराभर ढकलायचं. 2000 च्या सुमारास इटलीच्या तेस्सारी यांनी ही सोपी युक्ती रूढ केली. फेस रक्ताला बाजूला सारतो, भिंतीला चिकटून राहतो, औषध थोडं पुरतं आणि सोनोग्राफीत पांढरा चमकत पुढे सरकताना दिसतो. पोकळी भरली की थांबायचं. एक थेंब जास्त नाही.

यानंतर घडतं ते नातेवाइकांना आधी सांगून ठेवलं तरी खरं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी वैशालीचा गाल आधीच्या दुपटीने सुजला. डोळा अर्धा मिटला. लघवी तर पहिल्याच दिवशी लालसर झाली होती. फुटलेल्या तांबड्या पेशींचा रंग तो, सलाईन चालू ठेवलं आणि ती स्वच्छ झाली. उशीला उंची दिली, सूज उतरायची औषधं दिली. गावाकडून फोन: “आधीच बरी होती की!” त्यात नेमका मध्यस्थाचा निरोप आला, मुलीचा फोटो पाठवा. सुरेशने जुना, एका बाजूने काढलेला फोटो शोधायला घेतला. वैशालीने सुजलेल्या तोंडाने जेमतेम शब्द फोडले, “आबा, आत्ताचाच पाठवा.” तो पाठवला. ते स्थळ पुन्हा आलं नाही, आणि बरंच झालं.

सूज आठवडाभरात उतरली. गाल मात्र दगडासारखा कडक. कडकपणा हेच काम झाल्याचं लक्षण, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दीड महिन्याने तो मऊ पडत पडत आत बसला. मग पुढची फेरी. प्रत्येक वेळी आधी चारी चालून यायची, मग औषध.

जिभेची पाळी आली तेव्हा औषध बदललं. फेसाने जीभ सुजली तर श्वासाची वाट बंद होईल. म्हणून तिथे ब्लिओमायसिन. जपानच्या उमेझावा यांनी 1966 मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेलं, खरं म्हणजे कॅन्सरवरचं औषध. त्याने सूज कमी येते. पण त्याचे स्वतःचे नखरे आहेत. जास्त झालं तर फुप्फुसं आखडतात, म्हणून आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याचा हिशोब ठेवतात. आणि ते दिल्यानंतर अंगावर जिथे चिकटपट्टी लागेल किंवा खाजवाल तिथे काळे पट्टे उठतात ते महिनोन् महिने राहतात. म्हणून सलाईनची सुई कापडाने बांधली, आणि मोठ्या मायला बजावलं की पोरीच्या हातात बांगड्यासुद्धा नकोत. बिब्बा घालणारी ती मोठी माय. तिने घरातली सगळी खाजवणारी पांघरुणं धुऊन मऊ लुगड्याची गोधडी काढली आणि रात्री उठून उठून नातीचे हात बघत बसली.

वर्षा-दीड वर्षात गाल बराचसा उतरला. ओठ वर आला. दाढ त्याच रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, काढली. ओठाच्या कोपऱ्यावर निळा डाग आहे, वाकलं की अजून थोडा भरतो. मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं होतं: हे मुळासकट जाणारं दुखणं नाही. बंद केलेल्या पोकळ्या काही वर्षांनी पुन्हा उघडू शकतात, बाळंतपणात नक्की दाखवायला या. उरलेल्या डागासाठी आणखी एक फेरी घ्यायची का, असं विचारलं तेव्हा वैशालीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “दुखत नाही ना? मग राहू दे.” सुरेश काही बोलला नाही. तो आता थांबायला शिकला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

परवा दिवाळीत शेजारच्या सुनेचं दोन महिन्यांचं बाळ वैशालीपुढे आणून ठेवलं. कपाळावर, भुवईच्या लगत, तांबडा उंचवटा. गावात आता वैशालीच्या इंजेक्शनची ख्याती झाली होती. सुनेला मुंबईचा पत्ता हवा होता.

“जन्मली तेव्हा होता?”

“नाही. तीन आठवड्यांनी टिपका आला. आता रुपयाएवढा झाला.”

वैशालीने डागावर हलकेच बोट टेकवलं. तो रिकामा झाला नाही. बाळ रडलं तेव्हा रंग गडद झाला, पण डाग फुगला नाही.

“हे माझ्यासारखं नाही,” ती म्हणाली. “मला वाटतं ते दुसरं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन कुणी देतो म्हणालं तर आधी विचारा, कशाचं आणि कशासाठी. यावर तोंडाने द्यायचं औषध असतं, तेही हृदयाचे ठोके, साखर बघून त्यांनीच सुरू करायचं.”

मोठी माय कोपऱ्यातून म्हणाली, “अन् बिब्बा नाही.”

ओसरीवर सुरेश अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. अनुभवी माणसाच्या समजुतीने तो म्हणाला, “घाई करू नका. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, बघू काय होतं. आमचंही असंच, सबुरीने झालं.”

“नाही आबा,” वैशालीने टोपडं सारखं करून बाळ सुनेच्या हातात दिलं. “याचे वाढायचे दिवस हेच आहेत, आणि डोळा जवळ आहे. सकाळी साडेसहाची धुळे गाडी. मी येते बरोबर.”